कळ थांबली म्हणजे खडा पडला असे नव्हे

मा. संपादक,

मुतखड्यावर वृत्तपत्रांत वरचेवर लिहिले जाते. किती पाणी प्यावे, काय टाळावे, कोणता काढा घ्यावा हे त्यात असते. एक वाक्य मात्र क्वचितच सापडते, आणि आमच्या मते तेच सर्वांत आधी छापले पाहिजे: कळ थांबणे हा खडा पडल्याचा पुरावा नाही. या एका गैरसमजापायी चांगल्या चालत्या किडन्या निकामी होतात, तेही रुग्णाला काही जाणवू न देता. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

खडा किडनीत नुसता पडून असतो तेव्हा बहुधा दुखत नाही. तो मूत्रवाहिनीत, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत, उतरून अडकला की वर लघवी तुंबते, किडनीतली पोकळी आणि बाहेरचे आवरण ताणले जाते. कमरेतून जांघेकडे जाणारी ती असह्य कळ या ताणाची असते. पहिल्या काही तासांत प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यामुळे त्या किडनीचा रक्तपुरवठा उलट वाढतो, लघवी जास्त तयार होते आणि दाब आणखी चढतो. डायक्लोफिनॅकसारखे औषध या द्रव्याची निर्मितीच कमी करते, म्हणून ते नुसत्या पेटके थांबवणाऱ्या इंजेक्शनपेक्षा जास्त लागू पडते (किडनी आधीच कमजोर असेल किंवा गर्भारपण असेल तर मात्र ते टाळावे लागते). कळ चालू असताना जबरदस्तीने लिटरच्या लिटर पाणी प्यायल्याने खडा ढकलला जात नाही. तहानेपुरते प्यावे.

पुढे चित्र बदलते. अडथळा तसाच राहिला तर त्या किडनीचा रक्तपुरवठा घटत जातो, लघवी तयार होणे मंदावते, मूत्रवाहिनी रुंदावून सैल पडते, दाब उतरतो आणि कळ आपोआप थांबते. रुग्णाला वाटते, सुटलो. खडा मात्र जागच्या जागी असतो आणि किडनीने आपले काम कमी केलेले असते. दुसरी किडनी चांगली असेल तर लघवी नेहमीएवढी होते, रक्तातले क्रिएटिनिनही (किडनीच्या कामाचा अंदाज देणारी तपासणी) नॉर्मल येऊ शकते. पूर्ण अडथळा काही आठवडे टिकला तर गेलेले काम पूर्णपणे परत येत नाही. त्यामुळे खडा पडला असे म्हणायला दोनच आधार आहेत: खडा प्रत्यक्ष हातात येणे, किंवा पुन्हा केलेल्या तपासणीत तो न दिसणे आणि किडनीचा फुगवटा उतरलेला असणे. हातात आला तरी फुगवटा उतरला का हे एकदा पाहून घ्यावेच, कारण मागे दुसरा असू शकतो.

खडा हाती लागावा म्हणून लघवी बारीक जाळीच्या गाळणीतून किंवा पातळ कापडातून गाळायची. मिळणारा खडा अनेकदा काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढाच असतो. तपकिरी, खडबडीत, कधी टोकदार. एवढ्याशा वस्तूने माणूस लोळला यावर घरच्यांचा विश्वास बसत नाही आणि ती फेकून दिली जाते. ती फेकू नये. धुऊन, वाळवून, कोरड्या डबीत ठेवावी. फॉर्मॅलिनमध्ये घालू नये. तिचे पृथक्करण, म्हणजे खडा कशाचा आहे याची तपासणी, पुढच्या सगळ्या प्रतिबंधाचा पाया आहे.

आता तपासण्यांकडे. सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'हायड्रोनेफ्रोसिस' असे लिहिलेले असते आणि बोलताना त्याला 'किडनीला सूज' म्हटले जाते. हा शब्द घोटाळा करतो. सूज म्हटली की लोक सूज उतरवणारी गोळी मागतात. इथे तुंबलेल्या लघवीने झालेला फुगवटा असतो आणि तो अडथळा गेल्याशिवाय उतरत नाही. शिवाय मूत्राशय काठोकाठ भरले असेल तर अडथळा नसतानाही किडनी थोडी फुगलेली दिसते. म्हणून लघवी करून आल्यावर किडनी पुन्हा पाहायची असते. उलट, कळ सुरू होऊन दोन-तीन तासच झाले असतील किंवा शरीरातले पाणी कमी असेल, तर खडा अडकलेला असूनही फुगवटा दिसत नाही. गर्भारपणात, विशेषतः उजव्या बाजूला, फुगवटा खड्याशिवायही येतो. हा एकच शब्द वाचून निष्कर्ष काढणे दोन्ही बाजूंनी चुकते.

सोनोग्राफी पहिली तपासणी म्हणून योग्यच आहे. तिच्यात किरणोत्सार नाही. मुले आणि गर्भवतींसाठी तीच आधी करायची. पण तिच्या मर्यादा रुग्णाला सांगितल्या जात नाहीत. मूत्रवाहिनी २५ ते ३० सें.मी. लांब असते. तिचे वरचे टोक किडनीच्या आधाराने दिसते, खालचे भरलेल्या मूत्राशयाच्या आधाराने. मधला बराच भाग आतड्यांतल्या हवेमागे लपतो आणि नेमका तिथला खडा निसटतो. म्हणून 'खडा दिसला नाही' आणि 'खडा नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. तपासणीला येताना मूत्राशय भरलेले हवे ते खालच्या टोकासाठी. मूत्राशयाच्या तोंडाशी अडकलेला खडा वारंवार लघवीची भावना आणि जळजळ देतो, आणि मूत्राशयाचा संसर्ग समजून आठवडे प्रतिजैविके दिली जातात. लघवीत रक्तपेशी नसल्या तरी खडा असू शकतो, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी मर्यादा आकाराची. सोनोग्राफीत लहान खडे प्रत्यक्षापेक्षा एक-दोन मि.मी. मोठे मोजले जातात. त्याहून त्रासदायक म्हणजे 'दोन्ही किडन्यांत २ ते ३ मि.मी.चे बारीक खडे' हे वाक्य. यातले कितीतरी ठिपके खडे नसतातच. रक्तवाहिनीची भिंत किंवा किडनीच्या मधली चरबी तशीच पांढरी चमकते. खऱ्या खड्यामागे काळी सावली पडते आणि कलर डॉपलर (सोनोग्राफीतली रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोय) लावल्यावर त्यावर रंगांचा लुकलुकाट होतो. फार लहान खड्यात सावली पडत नाही, आणि लुकलुकाटही कधी खोटा निघतो. पण दोन्ही नसतील तर 'खडा' हा शब्द लिहिताना हात आखडता घ्यावा, अशी सोनोग्राफी करणाऱ्या सहकाऱ्यांना आमची विनंती आहे. त्या एका वाक्यावर माणसे वर्षानुवर्षे औषधे घेत राहतात आणि पुढच्या सोनोग्राफीत ठिपका दिसला नाही की औषधाने खडा विरघळला असे मानतात.

शंका उरली तर साधा सीटी स्कॅन. साधा म्हणजे शिरेतून रंगद्रव्य न देता केलेला. खडा पांढरा दिसतो आणि रंगद्रव्यही पांढरे, त्यामुळे लघवीत उतरलेले रंगद्रव्य खड्याला झाकून टाकते. खडा शोधण्यात या स्कॅनची अचूकता ९५ टक्क्यांच्या वर आहे. युरिक ॲसिडचा खडा एक्स-रेत दिसत नाही, पण सीटीत दिसतो. कळ खड्याची नसेल तर अपेंडिक्स किंवा अंडाशयाचा पीळ यांचा सुगावाही याच स्कॅनमधून लागू शकतो. साठीच्या पुढच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच अशी कळ आली तर पोटातल्या महाधमनीचा फुगा आधी नाकारायला हवा, कारण तो फुटणे आणि मुतखडा यांची सुरुवात सारखीच वाटू शकते.

मग प्रत्येकाला सीटीच का नको? २०१४ मध्ये अमेरिकेतल्या १५ आपत्कालीन विभागांत २,७५९ रुग्णांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी सोनोग्राफी केलेल्यांत आणि आधी सीटी केलेल्यांत गंभीर आजार निसटण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. किरणोत्सार मात्र सोनोग्राफी आधी केलेल्यांना कमी मिळाला, मग त्यांतल्या काहींना पुढे सीटी लागला तरीही. नेहमीच्या पद्धतीच्या पोटाच्या सीटीत साधारण १० मिलिसिव्हर्ट डोस जातो. खड्यासाठी कमी डोसचा स्कॅन ३ किंवा त्याहून कमीत होतो. हे वर्षभरात निसर्गातून मिळणाऱ्या किरणोत्साराच्या आसपास आहे. शरीर फार स्थूल नसेल तर कमी डोसचा स्कॅन पुरतो. खडे पुन्हा पुन्हा होतात आणि स्कॅनही, म्हणून 'खड्यासाठी आहे, कमी डोसवर करा' हे मागणीपत्रावर लिहिलेलेच असावे.

सीटीचा रिपोर्ट 'डावीकडे ८ मि.मी. खडा' एवढ्यावर संपला तर तो अपुरा आहे. खडा नेमका कुठे? किडनीच्या खालच्या कप्प्यात, मूत्रवाहिनीच्या सुरुवातीला, ती श्रोणीतल्या (कमरेच्या हाडांच्या पोकळीतल्या) मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे, की मूत्राशयात शिरताना? मूत्रवाहिनीत अडकायच्या मुख्य जागा यांतल्या शेवटच्या तीनच आणि त्यांतली शेवटची सर्वांत अरुंद. माप हाडांच्या विंडोत (हाडे स्पष्ट दिसावीत अशा चित्राच्या मांडणीत), चित्र मोठे करून घेतलेले आहे का? मऊ ऊतींच्या विंडोत तोच खडा मोठा भासतो. काप जाड, ५ मि.मी.चे असतील तर लहान खडा दोन कापांच्या मधे हरवतो. घनता किती हाउन्सफिल्ड युनिट? साधारण ५००च्या खाली असेल तर युरिक ॲसिडचा संशय येतो, १,०००च्या वर असेल तर शॉकवेव्हने (बाहेरून दिलेल्या लहरींच्या धक्क्यांनी) फुटणे अवघड. त्वचेपासून खडा १० सें.मी.पेक्षा खोल असेल तरी शॉकवेव्ह कमी पडते. श्रोणीतल्या शिरांमध्ये कॅल्शियमचे गोल दाणे असतात, ते खड्यासारखेच दिसतात. खड्याभोवती मूत्रवाहिनीच्या सुजलेल्या भिंतीचे पातळ कडे दिसते, दाण्याभोवती बहुधा दिसत नाही. खडा मूत्राशयाच्या तोंडाशी अडकला आहे की आत पडून मोकळा झाला आहे हे कळत नसेल तर रुग्णाला पालथे झोपवून तेवढाच भाग पुन्हा घ्यावा. मोकळा खडा घरंगळतो.

आणखी एक बारीक गोष्ट, पण फार उपयोगाची. सीटीच्या सुरुवातीला एक्स-रेसारखे एक सपाट चित्र निघते, त्याला स्काउट म्हणतात. त्यात खडा दिसत असेल तर पुढचा पाठपुरावा साध्या एक्स-रे आणि सोनोग्राफीवर होतो. पुन्हा सीटी करावा लागत नाही.

लहान खड्याची वाट पाहणे हा खराखुरा उपचार आहे, पण त्याला मुदत असते. ५ मि.मी.पर्यंतचे मूत्रवाहिनीतले खडे तीनांत दोनदा आपोआप पडतात, ५ ते १० मि.मी.चे साधारण निम्मे. मूत्रवाहिनी सैल करणारे टॅम्सुलोसिन ०.४ मि.ग्रॅ. सरसकट दिले जाते. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत त्याचा सरसकट फायदा दिसला नाही. मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातला, ५ मि.मी.पेक्षा मोठा खडा असेल तर उपयोग होण्याची शक्यता जास्त, एवढेच आज म्हणता येते. त्याने उठताना चक्कर येऊ शकते आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना हे औषध चालू असल्याचे सांगावे लागते. मुदत चार, फार तर सहा आठवडे. 'वाट पाहू' असे सांगताना पुढच्या सोनोग्राफीची तारीख त्याच कागदावर लिहिली गेली नाही, तर ती वाट पाहण्यात किडनी जाते.

ताप आला तर मात्र वाट पाहणे तिथेच संपते. अडकलेला खडा, त्यामागे तुंबलेली लघवी आणि तिच्यात जंतू, हा प्राणघातक योग आहे. नुसती प्रतिजैविके पुरत नाहीत, कारण अडलेल्या किडनीतल्या लघवीत ती नीट पोहोचतच नाहीत. त्याच दिवशी, रात्र असली तरी, आतून डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंतची बारीक नळी) घालून किंवा पाठीतून किडनीत नळी टाकून ती लघवी बाहेर काढावी लागते. थंडी वाजून ताप, रक्तदाब उतरणे यांतले काहीही असेल तर त्या वेळी खडा फोडायचा नसतो. तो संसर्ग आटोक्यात आल्यावर काढायचा. 'एकाच भुलीत खडाही काढून टाका' हा नातेवाइकांचा आग्रह समजण्यासारखा आहे, पण दाबाखाली आत गेलेले पाणी जंतूंना थेट रक्तात ढकलते. एकच किडनी असेल, दोन्ही बाजू अडल्या असतील किंवा लघवीच बंद झाली असेल तरी तेवढीच घाई करावी.

औषधाने खडा विरघळतो का? युरिक ॲसिडचा विरघळतो. पोटॅशियम सिट्रेटने लघवीचा पीएच (आम्लतेचे माप) ७च्या आसपास, ७.२च्या वर न जाऊ देता, आठवडे ते महिने टिकवावा लागतो. घरी पट्टीने पीएच मोजून डोस जमवावा लागतो आणि किडनी कमजोर असेल तर रक्तातल्या पोटॅशियमवर लक्ष ठेवावे लागते. पीएच जास्त चढला तर फॉस्फेटचा थर बसतो. बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. ते कोणत्याही गोळीने, काढ्याने वा रसाने विरघळत नाहीत. त्या काळात लहान खडा पडून गेला तर श्रेय औषधाला जाते, आणि मोठा आत राहिला व कळ थांबली तरीही श्रेय औषधालाच जाते.

काढायच्या पद्धतींपैकी बाहेरून शॉकवेव्ह देण्याची पद्धत १९८० मध्ये म्युनिकला पहिल्यांदा माणसावर वापरली गेली. दोन सें.मी.पर्यंतच्या, फार कठीण नसलेल्या खड्यासाठी ती आजही चांगली आहे. तिचे यश बारकाव्यांवर ठरते. मिनिटाला १२० ऐवजी ६० ते ९० धक्के दिले तर खडा जास्त चांगला फुटतो आणि किडनीला इजा कमी होते. ऊर्जाही हळूहळू चढवत न्यायची. जेल हाताने चोळून पसरवले की त्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि लहरी तिथेच परततात; ते बाटलीतून एकाच ठिकाणी भरपूर ओतून मग यंत्राची उशी टेकवायची. गर्भारपण, रक्त पातळ करणारी औषधे, चालू संसर्ग आणि खड्याच्या खाली अडथळा असेल तर ही पद्धत वर्ज्य. फुटलेले तुकडे कधी मूत्रवाहिनीत एकामागे एक रांगेने अडकतात. त्यातही कळ असतेच असे नाही.

मूत्रवाहिनीतल्या खड्यासाठी दुर्बीण आणि लेसर, किडनीतल्या दोन सें.मी.पर्यंतच्या खड्यासाठी वाकणारी दुर्बीण, त्याहून मोठ्या किंवा किडनीभर शिंगासारख्या पसरलेल्या खड्यासाठी पाठीतून मार्ग, ही ढोबळ विभागणी आहे. वाकणाऱ्या दुर्बिणीत मूत्रवाहिनी अरुंद निघाली तर जोर लावायचा नसतो. स्टेंट घालून एक-दोन आठवड्यांनी परत यायचे. 'शस्त्रक्रिया अर्धवट सोडली' अशी तक्रार तेव्हा होते, पण ओढाताणीत मूत्रवाहिनी तुटण्यापेक्षा हा निर्णय शंभर पटींनी चांगला. लघवीचे कल्चर (जंतूंची तपासणी) आधी झालेच पाहिजे. पाठीतून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर एक ते तीन आठवड्यांनीही लघवीतून अचानक लालभडक रक्त जाऊ शकते. तेव्हा घरी विश्रांती घेत बसू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे. लेसरने केलेला चुरा बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून तपासणी साधारण चार आठवड्यांनी करावी. ती चुकवू नये. राहिलेला ३-४ मि.मी.चा तुकडा 'किरकोळ' म्हणून सोडला की पुढच्या खड्याचे बी तोच ठरतो.

प्रतिबंधाबद्दल थोडक्यात: दिवसाला अडीच लिटर लघवी होईल एवढे पाणी, मीठ ५ ग्रॅमच्या आसपास. आहारातले कॅल्शियम तोडायचे नाही, ते आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. जीवनसत्त्व सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्या टाळाव्यात. खडे वारंवार होत असतील तर २४ तासांची लघवी तपासावी. सकाळची पहिली टाकून द्यायची, दुसऱ्या दिवशीच्या पहिलीसकट सगळी गोळा करायची. एक वेळची चुकली तरी हिशेब बिघडतो.

शेवटी डीजे स्टेंट. पुष्कळशा शस्त्रक्रियांनंतर ही दोन्ही टोकांना वेटोळे असलेली बारीक नळी किडनीपासून मूत्राशयापर्यंत आत ठेवली जाते. पहिले काही दिवस लघवीला वारंवार जावे लागते, लघवी करताना कंबर दुखते, थोडे रक्त जाते. मग शरीराला तिची सवय होते, आणि इथेही तीच चूक होते: त्रास थांबला, म्हणजे काम संपले. नळी विरघळत नाही. तिच्यावर क्षार साचत जातात. ती बहुधा काही आठवड्यांत, आणि सहसा तीन महिन्यांच्या आत, काढायची किंवा बदलायची असते. वेळेवर काढली तर भूल देणाऱ्या जेलीवर काही मिनिटांत निघते. वर्षभर विसरली तर वरच्या वेटोळ्यावर आणि खालच्यावरही खडा धरतो, ओढली तर तुटते, आणि ती काढायला दोन-तीन शस्त्रक्रिया लागू शकतात. डिस्चार्ज कार्डावर 'लेसरने खडा काढला' हे ठळक असते आणि स्टेंटची नोंद खालच्या ओळीत दोन अक्षरांत. ती उलटी व्हावी: कोणत्या बाजूला, कोणत्या तारखेला घातला आणि कोणत्या तारखेपर्यंत काढायचा हे रुग्णाच्या भाषेत सर्वांत वर असावे, आणि रुग्णालयाने त्याची वेगळी वही ठेवून दर आठवड्याला ती चाळावी. कार्ड हरवले असेल, नळी घातली होती की नाही हेच आठवत नसेल, तर पोटाचा एक साधा एक्स-रे पुरतो. वर किडनीत आणि खाली मूत्राशयात वळलेली ती नळी त्यात स्पष्ट दिसते.

आपले,
मूत्रविकार शस्त्रक्रिया व क्ष-किरण निदान क्षेत्रातील काही डॉक्टर